आवाज आधी की झटका आधी?

तमाम जळगावकर, धुळेकर, आणि या दोन गावांच्या दरम्यान रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीत बसून असलेले सर्व सज्जन, यांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, भागवतनाना वकील यांच्या मोटारीचा मागचा डावा पाटा पारोळ्याच्या पुढे तुटला होता, तो नेमका कोणामुळे तुटला, या अत्यंत गंभीर प्रकरणाचा निकाल अखेर लागलेला आहे. निकाल दिवसाढवळ्या, भर रस्त्यात, मोठ्या आवाजात जाहीर झाला. प्रस्तुत लेखक त्या वेळी जागेवर हजर होता. सबब यापुढे कोणीही लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत किंवा भरिताच्या पार्टीत हा वाद नव्याने उकरून काढू नये.

हुश्श! वकिलाबद्दल लिहायला बसलं की भाषा आपोआप काळा कोट घालून येते. आता तो खुंटीला अडकवतो आणि साधं बोलतो.

भागवतनाना आमचे जळगावातले शेजारी. मूळचे असोद्याचे, केळीवाले. घरची केळी भावांनी सांभाळली आणि नाना कोर्टात गेले. चणीने बारीक, आवाजाने मात्र चांगले दोन माणसांचे. मी तेव्हा नुकताच कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो आणि नानांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होतो. नानांना माझ्यात एकच गुण दिसला. मी धडधाकट होतो आणि रविवारी मोकळा असे. म्हणजे गाडी ढकलायला उपयोगी. त्या एका गुणावर मी त्यांच्या मोटारीत पुढच्या सीटवर कायमची जागा मिळवली.

ती मोटार म्हणजे तुरटीच्या रंगाचं एक गोलमटोल, भारदस्त प्रकरण होतं. नानांनी ती कोणाकडून तरी तिसऱ्या हाताने घेतली होती. अशा जुन्या गाड्यांच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान असते. तिला पाटा म्हणतात. गाडीचं, माणसांचं, सामानाचं सगळं ओझं तोच झेलतो. आमच्याकडचे रस्ते तेव्हा असे होते की पाटा हा गाडीचा अवयव नसून रस्त्याचं खाद्य आहे असं वाटे. रस्ता पाटे खात असे. इतरांचे पाटे तुटले की ते शिव्या देऊन मेकॅनिक शोधत. नानांचा पाटा तुटला की कोर्ट भरे.

मी पहिलं कोर्ट पाहिलं ते असोद्याच्या वाटेवर. थंडीचे दिवस, नानांच्या शेतात भरिताची पार्टी. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली असणार, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी चुलीवर असणार, अशा पवित्र विचारात आम्ही पाच जण गाडीत होतो. एवढ्यात खालून ‘खट्ट’ झालं आणि गाडी एका कुशीवर कलली, दुखऱ्या कमरेची बाई बसते तशी.

आम्ही उतरलो. मी म्हणालो, “नाना, कोणाला तरी गॅरेजवाल्याकडे पाठवू या.”

“थांबा,” नाना म्हणाले. गाडीतल्या मागच्या खुंटीवरून त्यांनी कोट काढला, शर्टावर चढवला, आणि आम्हा सर्वांना बाभळीच्या सावलीत रांगेने उभं केलं. “आधी कारण. मग दुरुस्ती. कारण न कळता दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा त्याच कारणाने मोडते. आता मला प्रत्येकाने खरं सांगायचं. आवाज आधी की झटका आधी?”

यातली मेख अशी होती. आधी झटका बसला आणि मग आवाज आला, तर खड्ड्याने पाटा तोडला, दोष रस्त्याचा. आधी आवाज आला आणि मग झटका, तर पाटा आपणहून गेला. दोष गाडीचा, म्हणजे मालकाचा. आणि दोन्ही एकदम झाले असं कोणी म्हणालं, तर नाना त्याच्याकडे असं बघत की त्याला स्वतःच्या जन्मतारखेबद्दलही शंका येऊ लागे.

“तुम्ही डाव्या अंगाला होतात ना? मग तुम्हाला झटका कमी का बसला?” त्यांनी मागे बसलेल्या एकाला विचारलं.

“नाना, मी डोळा लागून पडलो होतो.”

“म्हणजे साक्षीदार झोपेत होता. नोंद घ्या.” नोंद घ्यायला कोणीच नव्हतं. पण नाना ‘नोंद घ्या’ म्हणत आणि हवेत बोट उचलून थांबत, जणू अदृश्य कारकून लिहितो आहे.

साक्षी संपेपर्यंत असोद्याकडून नानांचे थोरले भाऊ बैलगाडी घेऊन आले. त्यांनी भरलेलं कोर्ट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “भागवत, वांगे जळून कोळसा झाले. आता काबरं जळले ते इचार!”

नानांनी खरोखर विचारलं असतं. पण आम्हीच त्यांना उचलून बैलगाडीत घातलं.

‘पाटा तुटत नसतो, तोडला जातो,’ हे नानांचं तत्त्वज्ञान. घरात दूध उतू गेलं, खुर्चीचा पाय निघाला, शेजारच्या पोराने परीक्षेत गोता खाल्ला, सगळीकडे त्यांचा प्रश्न तोच. आणि उत्तर मिळेपर्यंत कोणी फडकं घ्यायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, पोराला रडूही द्यायचं नाही. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे, दुधावर फडकं टाकता टाकता म्हणत, “तुमच्या आईने तुम्हाला जन्म दिला तेव्हा आवाज आधी आला का झटका आधी, ते सांगा आधी!” नाना क्षणभर खरोखर विचारात पडत.

त्यांना गंजाचं फार कळे. तुटलेला पाटा हातात घेऊन ते त्याचा तोंडवळा बघत. जिथे तुटला ती जागा तांबूस, गंजलेली असेल तर तड जुनी. ती आतल्या आत कधीची वाढत होती आणि मालकाने बघायला हवी होती. जागा चकचकीत असेल तर घाव ताजा. त्या दिवशीच कशाने तरी, जादा ओझ्याने किंवा खड्ड्याने, पाटा गेला. “गंज खोटं बोलत नाही,” ते म्हणत. “माणसासारखा नाही तो.” आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदली पाहिजे. गंज निघाला की ते स्वतःला दोषी ठरवत, तेही त्याच दणक्यात. माणूस पक्षपाती नव्हता. खऱ्या कारणाच्या जागी खोटं कारण बसलेलं त्यांना सहन होत नसे, एवढंच. दाताखाली खडा आल्यासारखं त्यांचं तोंड होई.

एकदा एका मोठ्या खड्ड्याबद्दल नानांनी कुठल्याशा खात्याला इतकी पत्रं लिहिली की वैतागून एक साहेब पाहणीला आले. नाना छत्री घेऊन खड्ड्याच्या काठावर सकाळपासून उभे, कोट घालून, एखाद्या विहिरीचे मालक उभे राहावेत तसे. साहेबांची जीप आली ती वेगात, आणि साहेब खड्डा शोधत उजवीकडे बघत असताना डावीकडच्या चाकाने तो शोधून काढला. खट्ट! आम्ही सगळे हसू दाबण्यासाठी आकाशाकडे बघू लागलो. नाना मात्र गंभीरपणे जीपपाशी गेले, खिडकीत वाकले आणि अत्यंत आदराने म्हणाले, “साहेब, घाबरू नका. फक्त एवढंच सांगा, आवाज आधी की झटका आधी?”

खड्डा आठवड्याच्या आत बुजला. नाना काही दिवस उदास होते.

असा माणूस. आता त्याच्या मुलीचं लग्न ठरतं आहे अशी कल्पना करा, आणि देवाचं नाव घ्या.

सुलभा नानांची एकुलती एक. गोड पोर, आईसारखी हजरजबाबी. धुळ्याच्या एका कापडदुकानदाराच्या मुलाशी तिचं जमलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि पसंतीचा निरोप इतक्या तातडीने आला की मधल्या माणसांना काही कामच उरलं नाही. सुलभा त्या दिवसांत घरात उगाचच गुणगुणत फिरे. अक्का मला म्हणाल्या होत्या, “हे जमलं पाहिजे हो. पोरीचा जीव बसला आहे. यांना फक्त तोंड मिटून धुळ्याला नेऊन आणता आलं, तर मी मुक्ताईला खणानारळ घेऊन जाईन.”

कारण धुळ्याला जायचं होतं. मुलाला टिळा लावायचा कार्यक्रम त्यांच्या घरी होता. मोजकीच माणसं जायची होती: नाना, अक्का, आणि मी, पुढच्या सीटचा मानकरी. शिवाय वाटेत धरणगावाहून मुलाच्या मामांना घ्यायचं, असा तिकडून निरोप होता.

मामांचं नाव दगडू. धरणगावात त्यांचा कापसाचा व्यापार. आमच्याकडे लग्नात मामाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बाप हो म्हणाला आणि मामा रुसला, तर मांडव उभा राहत नाही. आणि दगडूमामांच्या बाबतीत तर शब्दाच्या मागे वजनही होतं. ते दारातून बाहेर आले तेव्हा मागचं घरच दिसेनासं झालं. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, कपाळाला गंध, चेहरा अगदी लहान मुलासारखा निरागस. गाडीपाशी येऊन ते हसले आणि म्हणाले, “नाना, मी मांगे बसस. पुढे बसनू का तुमले गेर टाकाले जागा नही ऱ्हावाव.” म्हणजे मी पुढे बसलो तर गिअर टाकायला जागा उरणार नाही. स्वतःच्या आकाराची थट्टा ते स्वतः करत. दुसऱ्याने केलेली मात्र त्यांना चालत नसे, हे आम्हाला नंतर कळलं.

मामा मागे डावीकडे बसले. अक्का उजवीकडे. मधे मर्यादा म्हणून फळांची टोपली. मागच्या डिकीत नानांच्या भावांनी असोद्याहून पाठवलेले केळीचे घड, इतके की डिकीचं झाकण सुतळीने बांधलं होतं. गाडी निघाली तेव्हा तिचं नाक किंचित वर होतं, चंद्राकडे बघितल्यासारखं.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मामा गोष्टी सांगत होते, अक्का हसत होत्या, नाना चक्क गप्प होते. मला वाटू लागलं की मुक्ताईला खणानारळ पोचणार. आणि पारोळ्याच्या पुढे, उघड्या माळावर, भर दुपारी, खट्ट!

गाडी डाव्या अंगाला बसली. मामांच्या अंगाला.

अक्कांनी मागून हलक्या आवाजात बजावलं, “अहो. आज नको.”

पण नाना उतरले होते. कोट चढला होता. सवयीपुढे माणसाचं काही चालत नाही. त्यांनी चाक पाहिलं, चाकावरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर वितीने मोजलं, आणि माझ्या अंगावर काटा येईल असं वाक्य बोलले.

“मामा, जरा उतरा.”

मामा उतरले. गाडी वर आली. नानांनी वीत लावली.

“आता बसा.”

मामा बसले. गाडी खाली गेली. नानांनी वीत लावली.

“आता परत उतरा.”

नेमकी तेव्हाच धुळ्याकडे जाणारी एसटी आली आणि आम्हाला बघून थांबली. खिडक्याखिडक्यांतून माणसं डोकावू लागली. माळरानावर काळ्या कोटातला एक बारीक माणूस एका अगडबंब पाहुण्याला गाडीत चढवतो आहे, उतरवतो आहे आणि दर वेळी वाकून वीत लावतो आहे. एसटीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “काय भो, मोटार शे का वजनकाटा शे?” अख्खी बस हसली.

मामांचा निरागस चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. ते डांबराकडे पाठ करून शेताकडे बघत उभे राहिले. अक्का त्यांच्याजवळ गेल्या आणि पदराने स्वतःचं तोंड पुसत नुसत्याच उभ्या राहिल्या.

उशीर होणार हे उघड होतं. नानांनी कंडक्टरला गाठलं. धुळ्याच्या स्टँडसमोर अमुक कापडाचं दुकान, तिथे एवढा निरोप द्या: जळगावच्या पाहुण्यांचा पाटा तुटला, यायला उशीर होईल. कंडक्टरने मान हलवली, घंटी मारली, बस गेली. मागून येणाऱ्या एका ट्रकच्या ड्रायव्हरने, नानांचा निकाल लागायची वाट न बघता, तुटक्या पाट्याखाली लाकडाचा ठोकळा घालून दोरखंडाने करकचून बांधला. निखळून पडलेला पट्टीचा तुकडा नानांनी उचलला, पाहिला, आणि कोणाला न दाखवता रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला. नानांनी तुकडा पाहिला आणि त्यावर भाषण केलं नाही, असं मी प्रथमच पाहत होतो.

आता त्या निरोपाचं काय झालं ते ऐका. कंडक्टर इमानदार. त्याने दुकानात जाऊन शब्दन् शब्द सांगितला. दुकानातल्या नोकराने घरी जाऊन सांगितला. पण घरी कोण होतं? घरात होत्या बाया. आणि त्या बाया, पाटा-वरवंट्यावर, आमटीचं वाटण वाटत बसल्या होत्या. अंगणात चुलीवर पुरणाच्या मांड्यांसाठी खापर तापलं होतं. तिथे जाऊन नोकर म्हणाला, “जळगाववालासना पाटा तुटना.” माजघरातून ते परसात गेलं तेव्हा ‘तुटना’चं ‘फुटना’ झालं होतं. आणि मुलाच्या आजीपर्यंत, जिला सारं घर मोठी माय म्हणे, पोचलं तेव्हा असं झालं होतं की टिळ्याच्या दिवशी, निघता निघता, मुलीच्या घरचा वाटणाचा पाटा उभा फुटला!

लग्नघरात पाटा-वरवंट्याला हळदकुंकू वाहतात, जोडीने पुजतात. त्यातला पाटाच फुटला? मोठ्या मायने खापर चुलीवरून उतरवायला लावलं.

आम्ही दोरखंडाच्या आधाराने रांगत धुळ्याला पोचलो, तेव्हा दारात स्वागताला कोणीच नव्हतं. बैठकीत सतरंजी होती, त्यावर गप्प बसलेली माणसं होती. मोठी माय उंबऱ्याशी बसली होती. तिने अक्कांना नुसतं एवढंच विचारलं, “पाटा फुटना, हाई खरं शे का?”

अक्का गोंधळल्या. “फुटला नाही हो, तुटला.”

“कसा फुटना?”

आणि नानांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते हसले, हात जोडून पुढे झाले. “मोठी माय, दगडाचा पाटा फुटतो. लोखंडाचा तुटतो. कंडक्टर ‘तुटला’ म्हणाला होता, विचारा त्याला. अहो, आमच्या घरचा पाटा-वरवंटा सुखरूप आहे. तुटला तो मोटारीचा पाटा!”

मग नवऱ्या मुलाने प्रथम खो खो हसायला सुरुवात केली, मग त्याच्या बापाने, मग सतरंजीच्या सतरंजीने. मोठ्या मायने कपाळावर हात मारून घेतला आणि आत ओरडून सांगितलं, “खापर ठेवा वं चुल्हावर!” मी सुटकेचा श्वास सोडला. अक्कांनी डोळे मिटून मुक्ताईला हात जोडले.

तेवढ्यात मोठ्या मायने, आता अगदी प्रेमाने, विचारलं, “मंग मोटारना पाटा कसाकाय तुटना?”

हा प्रश्न कोणीही विचारायला नको होता.

“माले इचारा!” दारातून आवाज आला. दगडूमामा आत आले नव्हते. ते उंबऱ्यातच उभे होते, उंबरा भरून. “हाऊ वकील म्हणस, मना वजनमुळे तुटना! माले भर रस्तावर उठबस कराले लाई, एसटीनी माणसे दात काढेत व्हतीत! तुमना पाटा तुटना, ते मी काय वरवंटा शे का?”

कोणी हसलं नाही. हसावं असं ते वाक्य होतं, पण मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, आधी सांगा पाटा कोणी तोडला. इथे, सर्वांसमोर. मग टिळा. नाही तर मी हा चाललो धरणगावला, आणि मग भाच्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मुलाच्या बापाने मान खाली घातली. मामा गेले तर टिळा नाही, हे त्या घरात कोणाला सांगायला नको होतं. नवरा मुलगा हसायचा थांबला होता आणि नानांकडे बघत होता. तो काय मागतो आहे ते मला इतकं स्पष्ट दिसलं की मी दुसरीकडे पाहिलं.

नाना सतरंजीच्या मधे उभे. आयुष्यभर ज्या प्रश्नासाठी त्यांनी वांगी जाळली, माणसं उन्हात उभी केली, तो प्रश्न आज प्रथमच दुसऱ्या कोणीतरी त्यांना विचारला होता, आणि ऐकायला पूर्ण कोर्ट भरलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला. तो सोडला. तुकडा स्वतःच्या डोळ्यांशी धरून बराच वेळ बघत राहिले. मग बोलले ते कोर्टातल्या आवाजात.

“तड जुनी आहे. आत गंज चढलेला आहे. हा पाटा पारोळ्यापुढे तुटलेला नाही. तो माझ्या दारातच कधीचा तुटत आला होता. गाडी माझी, हलगर्जी माझी. मामांच्या जागी एखादं फूल ठेवलं असतं, तरी तो आज तुटलाच असता. मामांना मी जे उठबस करायला लावलं, त्याला काही आधार नव्हता. मी त्यांची माफी मागतो. नोंद घ्या.”

आणि हवेत बोट उचलून ते थांबले.

नोंद घेतली ती मोठ्या मायने. “घिधी रे भो, घिधी,” ती म्हणाली. “दगडू, बस आते. मांडा थंडा व्हई राहिनात.”

मामा आत आले आणि बसले. टिळा लागला. मांडे उत्तम झाले होते.

जेवणं झाल्यावर मी हात धुवायला मागे गेलो, तेव्हा मामा न्हाणीच्या कट्ट्यापाशी उभे होते. नानांनी रुमाल तिथल्या कोनाड्यात ठेवला होता. मामांनी तो सोडला होता आणि तुकडा उन्हात धरला होता. तुटलेली जागा नव्या रुपयासारखी लखलखत होती. गंजाचा ठिपका नव्हता. रुमालावरही तांबूस असं काही नव्हतं. नुसता काळा ग्रीस.

मामांना गंजातलं कळे. कापूस दाबायच्या लोखंडी प्रेसवर त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तुकडा परत गुंडाळून स्वतःच्या खिशात टाकला. “कोणले सांगजो नको,” एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर नाना गाडी चालवत होते. अक्का मागून म्हणाल्या, “गंज होता का हो खरंच?” नानांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. दाताखाली खडा आल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. “निकाल लागला आहे,” ते म्हणाले. “अपील नाही.”

सुलभाचं लग्न थाटात झालं. नाना पुढेही रस्त्यावर कोर्टं भरवत राहिले. स्वभाव काय एका टिळ्याने जातो? पण पारोळ्याचं प्रकरण कोणी काढलं की ते गप्प होत. बाकी लोक मात्र गप्प बसेनात. केळ्यांनी तुटला, खड्ड्याने तुटला, मामांनी तुटला. गावोगाव पक्ष पडले होते. असोदेकर केळ्यांची बदनामी ऐकून घेत नसत. धरणगावकर मामांची. आणि नाना-मामा स्वतः मात्र एकमेकांचे असे मित्र झाले की व्याही बाजूला राहिले. दर थंडीत मामा भरिताला असोद्याला येत. येत ते एसटीने. नानांनी कितीदा म्हटलं की गाडी पाठवतो, मामा हात जोडत. “नको नाना. तुमनी गाडीमा नको.” लोकांना वाटे मामा अजून रागावलेले आहेत. मला माहीत होतं की तसं नाही. ते त्या गाडीशेजारून जाताना मागच्या डाव्या चाकाकडे, आजारी माणसाकडे बघावं तसं बघत.

मग नव्वदीचं दशक आलं, रस्ते रुंद होऊ लागले, नाजूक छोट्या गाड्या आल्या. नाना त्यांच्याखाली वाकून बघत आणि म्हणत, “हिला पाटाच नाही. मग भांडायचं कशावरून?” त्यांची तुरटीची गाडी आता फार बाहेर निघत नसे. नानाही फार निघत नसत. गुडघे गेले होते. “हे मात्र जुनी तड,” गुडघ्यावर थाप मारून ते सांगत.

माझी बदली व्हायची होती त्या महिन्यात दगडूमामा जळगावला डॉक्टरांना दाखवायला आले. मी त्यांना ओळखलंच नाही. साखरेच्या दुखण्याने माणूस पार वाळला होता. तेच पांढरं धोतर, तीच टोपी. पण सदऱ्यात कोणीतरी दुसराच, त्यांचा धाकटा भाऊ वगैरे, बसवल्यासारखा. फक्त चेहरा अजून तसाच निरागस होता. चहा झाला. निघताना नाना किल्ली घेऊन उठले.

“मामा, आज मी सोडणार स्टँडवर. आज नाही म्हणायचं नाही.”

मामांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मनगटाभोवती बोटांचा वेढा घालून पाहिला, आणि हसले. “चाला,” म्हणाले. “आते तुमना पाटाले मना काय भ्या?”

मी पुढे बसलो, माझ्या जागेवर. मामा मागे डावीकडे, त्यांच्या जागेवर. सीट हलली सुद्धा नाही. डिकी रिकामी. नाना हळूहळू चालवत होते, म्हातारी माणसं चालवतात तसं, छाती पुढे काढून. स्टँडच्या अलीकडे नवा रस्ता झाला होता, गुळगुळीत, खड्ड्याचा मागमूस नाही. आणि तिथे, काही कारण नसताना, खट्ट!

गाडी डाव्या अंगाला बसली.

मागच्या रिक्षांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. नानांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग दार उघडून, गुडघ्यांना एकेक करून समजावत, ते खाली उतरले. कोट मागे खुंटीला होता. तो त्यांनी घेतला नाही. टपाला धरून मागे गेले, चाकाशी वाकले, सवयीने वीत पसरली, आणि पसरलेली वीत तशीच हवेत राहिली. मी वाट बघत होतो त्यांच्या प्रश्नाची. तो आला नाही. नाना सावकाश उभे राहिले, खिडकीतून आत मामांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळत गेला की मी तसा तो त्यांनी जिंकलेल्या एकाही खटल्यानंतर पाहिला नव्हता. त्या महिन्याअखेर मी जळगाव सोडलं. नाना माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते तसेच, भर रस्त्यात, मागे हॉर्न वाजत असताना, बोटं पसरून उभे.

तेवढ्यात गाडीच्या आतून खटपट झाली. मामांनी खिडकीची काच खाली केली, दोन्ही वाळके हात बाहेर काढले, आणि पाणपोईवरच्या माणसांपासून स्टँडवरच्या कंडक्टरांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले:

“नाना! ओ नाना! मी सुटनू!”